बार्न फाइंड (फोर्झा होरायझन)

बार्न फाइंड हा 'फोर्झा होरायझन' या मोटार शर्यतींच्या व्हिडिओ गेम मालिकेतील एक उपक्रम आहे. खेळाच्या विस्तीर्ण नकाशावर आडवाटेला असलेल्या जुन्या कोठारांमध्ये विस्मृतीत गेलेल्या मोटारी दडवलेल्या असतात. या मोटारी शोधून काढणे, मेकॅनिककडून त्यांची दुरुस्ती करून घेणे आणि त्या आपल्या संग्रहात जोडणे असे या उपक्रमाचे स्वरूप आहे. इंग्लंडमधील प्लेग्राउंड गेम्स या स्टुडिओने विकसित केलेल्या आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेल्या या मालिकेच्या पहिल्या पाचही मुख्य भागांत (२०१२ ते २०२१) हा उपक्रम आढळतो. शर्यतीच्या खेळात एरवी वेगाला महत्त्व असते. बार्न फाइंडमध्ये मात्र खेळाडूला रस्ता सोडून, वेग कमी करून भोवतालचा प्रदेश निरखावा लागतो.

संज्ञा

युरोप व अमेरिकेत शेतावर धान्य, वैरण, अवजारे आणि गुरे ठेवण्यासाठी बांधलेल्या मोठ्या, बहुधा लाकडी इमारतीला 'बार्न' म्हणतात. महाराष्ट्रातील गोठा, वैरणीची खोली आणि धान्याचे कोठार यांची कामे तेथे एकाच छपराखाली होतात. 'फाइंड' म्हणजे गवसलेली वस्तू. जुन्या मोटारींच्या व्यवहारात वर्षानुवर्षे बंद जागेत पडून राहिलेल्या आणि अचानक उजेडात आलेल्या गाडीला 'बार्न फाइंड' असे म्हणतात. ती जागा कोठारच असली पाहिजे असे नाही. घराचे गॅरेज, कारखान्याची शेड किंवा उघडी पडवी येथे सापडलेल्या गाडीलाही हीच संज्ञा लावली जाते.

एखादी मौल्यवान गाडी अशी पडून राहण्याची कारणे बहुधा साधी असतात. मालकाचे निधन, सुटे भाग न मिळणे, दुरुस्तीचा न परवडणारा खर्च किंवा कौटुंबिक वाद यांमुळे गाडी एकदा बाजूला ठेवली जाते आणि पुढच्या पिढीला तिची किंमत माहीत नसते. अनेक गाड्या बंद पडल्या तेव्हा केवळ 'जुन्या' होत्या. त्या दुर्मीळ ठरल्या त्या नंतरच्या काळात.

वास्तवातील पार्श्वभूमी

खेळातील कल्पना प्रत्यक्षातील अशाच शोधांवर आधारलेली आहे. गेल्या काही दशकांतील पुढील शोध विशेष प्रसिद्ध आहेत.

१) बैयों संग्रह: फ्रान्समधील वाहतूक व्यावसायिक रोजे बैयों यांनी मोटारींचे संग्रहालय उभारण्याच्या हेतूने १९५० च्या दशकापासून जुन्या गाड्या जमवल्या. व्यवसायात अडचणी आल्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतील काही गाड्या विकल्या गेल्या. उरलेल्या गाड्या पश्चिम फ्रान्समधील शेतावर तात्पुरत्या शेडखाली पडून राहिल्या. आर्टक्युरियाल या लिलाव संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये त्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ६० गाड्या तेथे होत्या. कित्येकांना वेलींनी वेढले होते आणि काहींची पत्रे गंजून गळाली होती. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिस येथे या गाड्यांचा लिलाव झाला. त्यातील १९६१ सालची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर ही गाडी सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना विकली गेली. ही गाडी एकेकाळी अभिनेते अलँ दलाँ यांच्याकडे होती.

२) बुगाटी टाइप ५७एस अटलांट: १९३७ सालची ही गाडी इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसरात एका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये जवळपास अर्धशतक उभी होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती वारसांच्या हाती आली. फेब्रुवारी २००९ मध्ये बॉनहॅम्स या संस्थेने पॅरिस येथे केलेल्या लिलावात तिला सुमारे ३४ लाख युरो किंमत मिळाली.

३) बुगाटी टाइप २२ ब्रेशिया: १९२५ सालची ही गाडी कोठारात नव्हे, तर इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील माजोरे सरोवराच्या तळाशी होती. २००९ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली आणि २०१० मध्ये पॅरिस येथे तिचा लिलाव झाला. सात दशकांहून अधिक काळ पाण्यात राहिल्याने तिचा बराचसा भाग गंजून नष्ट झाला होता. तरीही तिला २,६०,५०० युरो मिळाले.

खेळातील स्वरूप

फोर्झा होरायझन मालिका 'ओपन वर्ल्ड' म्हणजे खुल्या जगाच्या प्रकारात मोडते. ठरावीक धावपट्टीऐवजी गावे, महामार्ग, शेते, जंगले आणि टेकड्या असलेला सलग प्रदेश खेळाडूला उपलब्ध असतो. त्यात तो मनास येईल तेथे गाडी नेऊ शकतो. कथानकाच्या मध्यभागी 'होरायझन' नावाचा काल्पनिक मोटार व संगीत महोत्सव असतो आणि शर्यती जिंकत गेल्यावर खेळाडूची महोत्सवातील पत वाढते.

बार्न फाइंडचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

अफवा: खेळात ठरावीक प्रगती झाल्यावर एखाद्या पात्राकडून निरोप येतो. अमुक परिसरात कोणाची तरी जुनी गाडी पडून आहे असे कानावर आल्याचे ते पात्र सांगते. गाडीचे नाव सहसा थेट सांगितले जात नाही.

वर्तुळ: अफवेनंतर नकाशावर एक वर्तुळ उमटते. मालिकेच्या अलीकडच्या भागांत ते जांभळ्या रंगाचे असते. कोठार या वर्तुळात कोठेतरी असते. नेमकी जागा दाखवली जात नाही.

शोध: खेळाडू त्या भागात गाडी फिरवून कोठार शोधतो. कोठाराजवळ पोहोचल्यावर एक लहान दृश्य सुरू होते. त्यात दार उघडले जाते आणि धुळीने माखलेली, कधी चाके बसलेली गाडी दिसते.

दुरुस्ती: गाडी तत्काळ चालवता येत नाही. ती मेकॅनिककडे जाते. काही काळानंतर काम पूर्ण झाल्याचा निरोप येतो.

संग्रह: दुरुस्त गाडी खेळाडूच्या गॅरेजमध्ये जमा होते. तिच्यासाठी खेळातील चलन मोजून खरेदी करावी लागत नाही. त्यानंतर ती इतर गाड्यांप्रमाणे शर्यतीत वापरता येते, तिचा रंग बदलता येतो आणि इंजिनात सुधारणा करता येतात.

अफवा कानावर येण्यापूर्वीच कोठारापाशी पोहोचल्यास सामान्यतः गाडी मिळत नाही. त्यामुळे हा शोध खेळातील प्रगतीशी जोडलेला राहतो आणि सर्व गाड्या एकाच बैठकीत हाती लागत नाहीत.

शोधाची तंत्रे

वर्तुळाचा व्याप मोठा असल्याने त्यात दिशाहीन फिरण्यात बराच वेळ जातो. अनुभवी खेळाडू सहसा भूप्रदेश वाचून शोधाचे क्षेत्र कमी करत नेतात.

कोठारे सहसा मुख्य रस्त्यावरून सहज दिसत नाहीत. ती झाडांच्या दाटीत, टेकडीच्या आडोशाला किंवा शेताच्या टोकाशी असतात. डांबरी रस्त्यावरून फुटून मध्येच संपणारी कच्ची वाट, दूरवर दिसणारी छपराची सरळ रेषा किंवा रानातील मोकळी जागा या खुणा उपयोगी पडतात. निसर्गात सरळ रेषा क्वचित आढळत असल्याने छप्पर दुरूनही वेगळे ओळखू येते.

वर्तुळाच्या कडेने एक फेरी मारून नंतर आतल्या बाजूस समांतर पट्ट्यांमध्ये फिरणे ही पद्धत कोणताही भाग न वगळता शोध घेण्यास सोयीची आहे. वर्तुळात टेकडी असल्यास प्रथम माथ्यावर जाऊन खालचा प्रदेश पाहिल्यास बराच भाग एकाच वेळी नजरेखाली येतो. रात्री किंवा पावसात दूरचे दिसत नसल्याने शोध दिवसा घेणे सोपे जाते.

गाडीची निवडही महत्त्वाची ठरते. जमिनीलगत असणाऱ्या वेगवान स्पोर्ट्स कार गवतात व चिखलात घसरतात. चारही चाकांना शक्ती पुरवणारी, जमिनीपासून उंच असलेली जीप किंवा रॅलीची गाडी अशा ठिकाणी अधिक उपयोगी असते. खेळात कुंपणे, झुडपे आणि लहान झाडे मोडून पुढे जाता येते. मोठी झाडे व खडक मात्र गाडी अडवतात.

एका भागातील कोठारांच्या जागा सर्व खेळाडूंसाठी सारख्याच असतात. त्यामुळे खेळ प्रकाशित झाल्यानंतर थोड्याच दिवसांत सर्व जागा दाखवणारे नकाशे व चित्रफिती इंटरनेटवर उपलब्ध होतात. अशा नकाशाने गाडी मिनिटाभरात मिळते, परंतु शोधाचा भाग उरत नाही. वर्तुळाची योजना ही या दृष्टीने मध्यममार्ग आहे: पूर्ण अज्ञात नाही आणि पूर्ण उघडही नाही.

मालिकेतील भाग

फोर्झा होरायझन (२०१२): एक्सबॉक्स ३६० साठी प्रकाशित झालेला हा भाग अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात घडतो. यात ९ बार्न फाइंड आहेत. सापडलेल्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक डॅक स्ट्युअर्ट हे पात्र याच भागातील आहे.

फोर्झा होरायझन २ (२०१४): दक्षिण फ्रान्स व उत्तर इटली ही या भागाची पार्श्वभूमी आहे. येथे रस्ता सोडून शेतांतून व द्राक्षमळ्यांतून गाडी चालवण्याची मुभा पहिल्या भागापेक्षा बरीच वाढली. त्यामुळे कोठारांचा शोध खऱ्या अर्थाने रानोमाळ पसरला.

फोर्झा होरायझन ३ (२०१६): ऑस्ट्रेलियात घडणाऱ्या या भागात १५ बार्न फाइंड आहेत. समुद्रकिनारा, पर्जन्यवन आणि लाल मातीचा ओसाड अंतर्भाग असे परस्परभिन्न प्रदेश यात आहेत. या भागात ड्रोनची सोय प्रथमच देण्यात आली. गाडी एका जागी उभी करून ड्रोनच्या साहाय्याने वरून परिसर पाहता येत असल्याने कोठार शोधण्याचे ते एक साधन बनले.

फोर्झा होरायझन ४ (२०१८): ग्रेट ब्रिटनच्या पार्श्वभूमीवरील या भागात एडिनबरा शहर, इंग्लंडचा सरोवर प्रदेश आणि कॉट्सवोल्ड्समधील खेडी यांची संक्षिप्त रूपे एकाच नकाशात आणली आहेत. मूळ खेळात १५ बार्न फाइंड आहेत. ऋतुबदल हे या भागाचे वैशिष्ट्य आहे. हिवाळ्यात बर्फाने वाटा झाकल्या जातात व सरोवर गोठते. शरद ऋतूत पाने गळतात. एकच परिसर प्रत्येक ऋतूत निराळा दिसतो.

फोर्झा होरायझन ५ (२०२१): या भागाची पार्श्वभूमी मेक्सिको आहे. वाळवंट, जंगल, ज्वालामुखी, प्राचीन माया अवशेष आणि ग्वानाह्वातो शहर त्यात आहेत. या भागात फोक्सवागन बीटल या गाडीसाठी 'व्होचो' नावाची स्वतंत्र कथा आहे. मेक्सिकोत बीटलला लोक प्रेमाने 'व्होचो' म्हणतात. जगातील शेवटची मूळ बनावटीची बीटल जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातच तयार झाली. त्यामुळे तेथील टॅक्सीचालकांपासून मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत अनेकांच्या आठवणी या गाडीशी निगडित आहेत. आपल्या संग्रहातील गाडी दुसऱ्या खेळाडूला भेट देण्याची सोयही या भागात आहे. एप्रिल २०२५ मध्ये हा भाग प्लेस्टेशन ५ वर उपलब्ध झाला.

मालिकेच्या सहाव्या भागाची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये झाली. त्याची पार्श्वभूमी जपान आहे.

अन्य खेळांतील तत्सम उपक्रम

लपवलेल्या गाड्या शोधण्याची कल्पना इतर खेळांतही निरनिराळ्या रूपांत आढळते.

'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड २' (२०११) या खेळात इबिझा व ओआहू या बेटांवर मोडक्या गाड्यांचे सांगाडे विखुरलेले आहेत. ठरावीक संख्येने सांगाडे शोधल्यावर खेळाडूला एक विशेष गाडी मिळते.

'द क्रू' (२०१४) मध्ये अमेरिकेचा संक्षिप्त नकाशा पाच विभागांत वाटलेला आहे. प्रत्येक विभागात एका गाडीचे २० भाग लपवलेले आहेत. ते सर्व गोळा केल्यावर संपूर्ण गाडी तयार होते. येथे शोध गाडीचा नसून तिच्या तुकड्यांचा आहे.

'नीड फॉर स्पीड पेबॅक' (२०१७) मध्ये 'डेरिलिक्ट' म्हणजे बेवारस गाड्या आहेत. प्रथम गाडीची चासी शोधावी लागते आणि त्यानंतर तिचे चार भाग. जुनी फोर्ड मस्टँग, शेव्हरले बेल एअर, फोक्सवागन बीटल यांसारख्या गाड्या यात मिळतात. तयार झालेली गाडी खेळाडूच्या पसंतीनुसार शर्यतीच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी बांधता येते.

या तुलनेत फोर्झा होरायझनमधील पद्धत सर्वांत साधी आहे. एका कोठारात एक संपूर्ण गाडी मिळते. तिचे आकर्षण दार उघडण्याच्या क्षणात साठवलेले आहे.

दुरुस्ती आणि जतन

खेळात सापडलेली प्रत्येक गाडी दुरुस्तीनंतर नव्यासारखी चकचकीत होऊन परत येते. गंज, फाटलेली आसने आणि उडालेला रंग यांचा मागमूस राहत नाही. प्रत्यक्षातील जुन्या मोटारींच्या क्षेत्रात मात्र हाच प्रश्न वादाचा आहे.

संपूर्ण पुनर्बांधणीत मूळ रंग, चामडे, काच व कधी पत्राही बदलला जातो. त्यामुळे गाडी धावू लागते, परंतु तिच्यावरील काळाच्या खुणा कायमच्या पुसल्या जातात. उत्पादनावेळचा रंग, कारागिरांच्या हाताच्या खुणा आणि पूर्वीच्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्या हे अभ्यासकांच्या दृष्टीने पुरावे असतात. एकदा नष्ट झालेला असा पुरावा पुन्हा निर्माण करता येत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही मूळ अवस्थेच्या जतनाला महत्त्व देण्यात आले आहे.

माजोरे सरोवरातील बुगाटी हे या विचाराचे टोकाचे उदाहरण आहे. ती विकत घेणारे अमेरिकी संग्राहक पीटर मुलिन यांनी तिची पुनर्बांधणी केली नाही. अर्धी गळून गेलेली गाडी सरोवरातून निघाली तशीच त्यांच्या कॅलिफोर्नियातील संग्रहालयात प्रदर्शित करण्यात आली. याउलट ज्या गाड्यांची संरचनाच धोक्यात आलेली असते, त्यांना दुरुस्तीवाचून पर्याय नसतो. किती दुरुस्त करावे आणि कोठे थांबावे याचा निर्णय प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. खेळात हा निर्णय खेळाडूच्या हाती दिलेला नाही. दार उघडल्यापासून गाडी परत येईपर्यंतचा वास्तवातील वर्षांचा काळही तेथे अगदी थोडक्यात आटोपतो.

खेळांची उपलब्धता

विसरलेल्या गाड्या वाचवण्याची कल्पना मांडणारे हे खेळ स्वतःच काही वर्षांत बाजारातून नाहीसे होतात. त्यांतील गाड्यांची नावे, बोधचिन्हे व आकार वापरण्यासाठी मोटार उत्पादकांकडून, तसेच गाण्यांसाठी संगीत कंपन्यांकडून परवाने घ्यावे लागतात. परवान्यांची मुदत संपल्यावर खेळाची नवी विक्री थांबवली जाते.

त्यानुसार फोर्झा होरायझनची डिजिटल विक्री २०१६ मध्ये, दुसऱ्या भागाची २०१८ मध्ये, तिसऱ्या भागाची सप्टेंबर २०२० मध्ये आणि चौथ्या भागाची १५ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. पहिल्या दोन भागांच्या ऑनलाइन सेवा २२ ऑगस्ट २०२३ रोजी थांबवण्यात आल्या. ज्यांनी हे खेळ आधी विकत घेतले आहेत त्यांना ते एकट्याने खेळता येतात आणि त्यांतील कोठारेही शोधता येतात. नव्या खेळाडूला मात्र जुन्या डिस्कचाच शोध घ्यावा लागतो.

'द क्रू' या खेळाची स्थिती याहून कठीण झाली. हा खेळ एकट्याने खेळतानाही प्रकाशक यूबीसॉफ्टच्या सर्व्हरशी जोडलेला असणे आवश्यक होते. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर पैसे देऊन घेतलेल्या प्रतीही निरुपयोगी ठरल्या. खेळाडूंनी तुकडा तुकडा जोडून उभारलेल्या गाड्या त्याबरोबर नाहीशा झाल्या. या घटनेनंतर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहक चळवळ सुरू केली. सेवा बंद करतानाही विकलेला खेळ खेळण्यायोग्य अवस्थेत ठेवणे प्रकाशकांवर बंधनकारक असावे, अशी तिची मागणी आहे. या मागणीसाठी युरोपीय संघात दाखल झालेल्या नागरिक उपक्रमाला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. यूबीसॉफ्टने 'द क्रू २' आणि 'द क्रू मोटरफेस्ट' या पुढील खेळांसाठी ऑफलाइन सोय देण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले.

कोठारात विसरलेली खरी गाडी पन्नास वर्षांनीही सापडू शकते, कारण ती वस्तुरूपाने शिल्लक असते. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या खेळातील गाडीच्या बाबतीत ही शक्यता राहत नाही. त्यामुळे व्हिडिओ गेमच्या जतनाविषयीच्या चर्चेत शर्यतीच्या खेळांचा उल्लेख वारंवार होतो.

हे सुद्धा पहा

- फोर्झा (व्हिडिओ गेम मालिका)
- ओपन वर्ल्ड
- विंटेज मोटार
- व्हिडिओ गेमचे जतन